सीडीजी: साखरेच्या गोंड्यांचा आजार समजून घेताना, नागपुरातून

माझ्या बहिणीच्या घरी, नागपूरच्या महाल भागात, देवघराशेजारच्या कपाटात एक निळी फाइल आहे. तिच्या पहिल्या पानावर बहिणीच्या अक्षरात "पीएमएम२-सीडीजी" एवढंच लिहिलंय. भाचीच्या जन्मजात आजाराचं हे नाव मिळायला आम्हाला दोन वर्षं लागली. भाची तेव्हा अडीच वर्षांची होती, अजून मान नीट धरत नव्हती.

त्या दोन वर्षांत कुणी हलगर्जीपणा केला असं मी म्हणणार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिरळेपणा पाहिला, बालरोगतज्ज्ञांनी वजन का वाढत नाही ते पाहिलं, मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला, पोटाच्या डॉक्टरांनी लिव्हरचे वाढलेले आकडे पाहिले. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबरच सांगितलं. पण कागद चार वेगवेगळ्या पिशव्यांत होते. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी चारही पिशव्या टेबलावर उलट्या केल्या, कागद तारखेप्रमाणे लावले, भाचीचा झबला वर करून छाती आणि कंबर पाहिली आणि विचारलं, "हे सगळं एकाच वेळी चालू आहे, असं कुणाला सांगितलं होतं का?"

आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना लिव्हरचं कशाला सांगायचं, असंच वाटायचं. सगळे कागद एकत्र ठेवणारं माणूस घरचंच असतं, म्हणून हे घरच्या माणसांसाठी लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचा, मात्रेचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण कोणता प्रश्न कधी विचारायचा आणि कोणता कागद कशासाठी जपायचा, हे आता मला ठाऊक आहे.

आधी नाव समजून घ्या

सीडीजी म्हणजे ग्लायकोसिलेशनचे, म्हणजे प्रथिनांना साखर जोडण्याच्या पेशींच्या कामातले, जन्मजात विकार. नावात साखर आहे, आणि आमच्याकडे तिथेच पहिला घोळ झाला. आजीने ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून पोरीच्या दुधातली साखर बंद. "शुगर हाय नं तिले, मंग कायले देता?" हा मधुमेह नाही. आईने गरोदरपणात गोड जास्त खाल्लं म्हणून होत नाही, आणि साखर बंद करून बराही होत नाही. उलट, काही प्रकारांत रक्तातली साखर एकदम उतरते. अशा मुलाला उपाशी ठेवणं धोक्याचं.

मला हे समजलं ते साडीच्या गोंड्यांवरून. साडी विणून झाली की आपण तयार गोंडे आणतो, पदराला टाचतो, मग कात्रीने सारखे करतो आणि टोकाला मणी ओवतो. आपल्या पेशी प्रथिनांबाबत जवळपास हेच करतात. प्रथिन विणून होत असतानाच त्याला साखरेच्या रेणूंची एक फांदी जोडली जाते. ही फांदी आधी वेगळी तयार होते, १४ साखरांची, आणि प्रथिनावरच्या ठरलेल्या जागी एकदम टाचली जाते. मग तिची काटछाट होते, नव्या साखरा जोडल्या जातात आणि शेवटी टोकाला सियालिक आम्ल बसतं. तो मणी.

रक्त गोठवणारी प्रथिनं, संप्रेरकं वाहून नेणारी प्रथिनं, पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं, सगळ्यांना हे गोंडे लागतात. गोंडा नसेल तर प्रथिन नीट घडी धरत नाही, टिकत नाही किंवा योग्य जागी पोचत नाही. म्हणून एकाच मुलाच्या डोळ्यांत, लिव्हरमध्ये, मेंदूत आणि रक्तात एकाच वेळी काहीतरी बिघडतं.

गोंडा बनवण्याच्या कामाला अनेक कारागीर लागतात. प्रत्येक कारागीर म्हणजे एक जनुक. कोणता कारागीर बिघडला त्यावर आजाराचा प्रकार ठरतो. आज १५० हून अधिक प्रकार माहीत आहेत. बेल्जियमचे बालरोगतज्ज्ञ याक याकेन यांनी १९८० मध्ये दोन जुळ्या बहिणींमध्ये हा आजार पहिल्यांदा नोंदवला. त्या मुलींना होता तोच प्रकार आज सर्वांत जास्त आढळतो, पीएमएम२-सीडीजी. त्यामागचं जनुक सापडायला मात्र १९९७ साल उजाडलं. जुन्या कागदांवर "सीडीजी टाइप १ए" असं दिसलं तर तो हाच.

शंका कधी घ्यायची

एकेकटं लक्षण घेऊन काहीच कळत नाही. अंग सैल असलेली, उशिरा बसणारी मुलं पुष्कळ असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना सीडीजी नसतो. शंका घ्यायची ती जोड्या जुळल्यावर. अंग सैल आहे, विकास मागे आहे आणि त्याच मुलाचे लिव्हरचे आकडे वाढलेत. डोळा आत वळतो आणि एमआरआयमध्ये लहान मेंदू आक्रसलेला आहे. वजन वाढत नाही आणि रक्त गोठण्याच्या तपासणीत काहीतरी चुकीचं येतंय.

पीएमएम२ मध्ये अंगावरच दिसणाऱ्या दोन खुणा असतात. एक, स्तनाग्रं आत ओढलेली. दुसरी, चरबी चुकीच्या जागी साठलेली, विशेषतः कमरेखाली, नितंबांच्या वरच्या बाजूला दोन उंचवटे. भाचीच्या कमरेवरचे ते उंचवटे आम्ही रोज अंघोळ घालताना पाहत होतो. माझी आई तेल लावताना म्हणायची, "बघ, इथं तरी अंग धरलंय पोरीनं." या खुणा सगळ्यांत नसतात आणि वयाबरोबर फिकट होतात, म्हणून तान्हेपणीचे फोटो जपून ठेवा. अंघोळीचा एखादा जुना फोटोही डॉक्टरांच्या कामी येतो.

बाकी आढळणाऱ्या गोष्टी: फिट्स, हृदयाभोवती पाणी, डोळ्याच्या पडद्याचा आजार, पाठीचा कणा वाकडा होणं, मोठ्या मुलींमध्ये पाळी न येणं. सगळं एकाच मुलात असेल असं नाही. आणि बुद्धी, चालणं यांवर परिणाम न करणारे प्रकारही आहेत, त्यांच्याबद्दल पुढे सांगते, कारण तेच सर्वांत आधी शोधायचे असतात.

फाइल लावायची पद्धत

आमची फाइल अशी आहे. पहिल्या पानावर एक तक्ता: तारीख, वय, वजन, काय झालं, कुणी पाहिलं. त्यामागे रक्ताच्या रिपोर्टच्या झेरॉक्स, सगळ्यांत नवा वर. मूळ कागद वेगळ्या पाकिटात. एमआरआयची सीडी फिल्मसकट, कारण दुसरे डॉक्टर रिपोर्टपेक्षा चित्रं मागतात. आणि सगळ्यांत शेवटी माझ्या बहिणीची शाळेची वही, जिच्यात रोजचं लिहिलेलं आहे: किती दूध, किती उलट्या, ताप किती, झोप किती.

थर्मल कागदावरचे रिपोर्ट झेरॉक्स न काढता ठेवू नका. आमचे तसे दोन कागद कपाटात कोरे होऊन बसले, आणि नेमका एक रिपोर्ट जन्मानंतरच्या पहिल्या महिन्याचा होता.

पहिली तपासणी: ट्रान्सफरिन

सीडीजीची पहिली चाळणी ट्रान्सफरिनच्या तपासणीने होते. ट्रान्सफरिन हे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन. त्याला दोन गोंडे असतात आणि प्रत्येक गोंड्याच्या टोकाला साधारण दोन मणी. म्हणजे निरोगी माणसाच्या बहुतेक ट्रान्सफरिनवर चार मणी. मण्यांवर ऋण भार असतो, त्यामुळे विद्युतभाराने वेगळं केलं की किती मणी आहेत त्याप्रमाणे पट्टे पडतात.

रिपोर्ट हातात आला की एवढंच पाहा. चार मण्यांचा पट्टा कमी आणि दोन मण्यांचा किंवा शून्य मण्यांचा वाढलेला असेल, तर अख्खे गोंडेच बसलेले नाहीत. एक गोंडा नाही म्हणून दोन मणी, दोन्ही नाहीत म्हणून शून्य. याला टाइप १ म्हणतात, पीएमएम२ यातच येतो. तीन किंवा एक मण्याचे पट्टेही वाढलेले असतील, तर गोंडा बसलाय पण त्याची काटछाट किंवा मणी ओवणं अर्धवट राहिलंय. तो टाइप २. रिपोर्टवर हे टेट्रासियालो, ट्रायसियालो, डायसियालो, मोनोसियालो आणि एसियालो या नावांनी येतं. चार, तीन, दोन, एक, शून्य.

आमच्या भाचीच्या आलेखात दोनच्या जागी मोठं शिखर होतं आणि शून्याच्या जागी, जिथे काहीच नसायला हवं, तिथे लहानसं दुसरं. बहिणीने बोट ठेवून विचारलं, "म्हणजे हिचे गोंडे पडलेत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही बसलेत, काही नाहीत."

तपासणीला जाताना या गोष्टी लक्षात ठेवा.

ही तपासणी काही प्रयोगशाळांत सीडीटी या नावाने चालते, आणि त्या नावाने ती प्रौढांच्या दीर्घकाळच्या दारूसेवनासाठी वापरली जाते. आमच्या भावजींना एका लॅबच्या काउंटरवर सगळ्यांसमोर विचारलं गेलं, "पेशंट किती वर्षं पितात?" अडीच वर्षांची पोर त्यांच्या कडेवर होती. म्हणून चिठ्ठीवर "सीडीजीसाठी ट्रान्सफरिन आयसोफॉर्म" असं स्पष्ट लिहून घ्या. प्रौढांसाठीच्या सीडीटीत नुसता एक टक्का येतो; आपल्याला पूर्ण आलेख हवा, तो मागून घ्या.

तपासणी नागपुरात झाली नाही, तर नमुना बाहेरगावी जातो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना सीरमची कुपी बर्फाच्या पाकिटांशिवाय जाऊ देऊ नका. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी रक्त दिलं की मधे रविवार येत नाही आणि पार्सल गोदामात पडून राहत नाही.

जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ही तपासणी खोटी चांगली येऊ शकते. शंका दाट असेल तर काही आठवड्यांनी परत करायची. उलटंही होतं: उपचार न झालेला गॅलॅक्टोसिमिया, फ्रुक्टोज न पचण्याचा आनुवंशिक विकार किंवा लिव्हरचा मोठा आजार असला तर पट्टे टाइप १ सारखे दिसतात. कुणाच्या ट्रान्सफरिनचीच घडण जन्मतः जराशी वेगळी असते आणि पट्टा सरकतो. तेव्हा आईवडिलांचे नमुने सोबत तपासले की उलगडा होतो.

आणि ट्रान्सफरिन चांगलं आलं म्हणजे सीडीजी नाहीच, असं समजू नका. या तपासणीत न दिसणारे प्रकार आहेत, आणि एसएलसी३५ए२ सारख्या प्रकारात मूल मोठं होता होता रिपोर्ट सुधारतो पण आजार राहतो. लक्षणं जुळत असतील तर पुढे जायचंच.

दुसरी तपासणी: जनुकं

कोणता कारागीर बिघडला हे जनुकांच्या तपासणीतून कळतं. बहुतेक वेळा सांगतात ती एक्झोम, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या सगळ्या जनुकांची एकाच वेळी पाहणी. यासाठी जांभळ्या झाकणाच्या बाटलीतलं थोडं रक्त पुरतं. रिपोर्टला कित्येक आठवडे लागतात. त्या आठवड्यांत रोज फोन करून काही मिळत नाही, ते आम्ही करून पाहिलं.

रक्त देण्याआधी तीन गोष्टी करा. लक्षणांची यादी स्वतः लिहून फॉर्मला जोडा, कारण लॅबमधली माणसं त्या यादीवरूनच हजारो बदलांतून कुठे पाहायचं ते ठरवतात. आमच्या पहिल्या फॉर्मवर फक्त "विकास मागे" एवढंच लिहिलं होतं. आईवडिलांचे नमुने सोबत पाठवता येतील का ते विचारा. आणि मूळ डेटा मिळेल का ते विचारून घ्या. दोन-तीन वर्षांनी तोच डेटा पुन्हा तपासला तर कधी कधी तेव्हा न सापडलेलं सापडतं.

रिपोर्टमध्ये पीएमएम२ जनुकात दोन बदल दिसले, तर पहिला प्रश्न: एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलाय का? दोन्ही बदल एकाच प्रतीवर असतील तर दुसरी प्रत चांगली आहे, आणि मग कारण कदाचित दुसरंच आहे. आईवडिलांच्या तपासणीशिवाय हे ठरत नाही. जगात सर्वांत जास्त आढळणारा पीएमएम२ मधला बदल आर१४१एच. तो दोन्ही प्रतींवर असलेलं मूल आजवर सापडलेलं नाही, कारण त्या अवस्थेत गर्भ टिकत नाही. म्हणून त्याच्यासोबत नेहमी दुसरा, थोडा सौम्य बदल असतो.

"अर्थ अनिश्चित" असा शेरा आला तर घाबरूनही जाऊ नका आणि त्याला निदानही समजू नका. अशा वेळी ट्रान्सफरिनचा आलेख आणि जनुकाचा कागद शेजारी ठेवून दोन्ही एकच गोष्ट सांगतात का ते पाहतात.

सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न

"हा औषध असलेल्या प्रकारांपैकी आहे का?" निदान चालू असतानाच हे विचारा.

एमपीआय-सीडीजी हा त्यांतला सगळ्यात महत्त्वाचा. यात मेंदू चांगला असतो. मूल हुशार असतं, पण उलट्या, जुलाब, आतड्यातून प्रथिनं वाहून जाणं, लिव्हर मोठं होणं, साखर अचानक उतरणं, रक्त गोठण्याचा घोळ, अशी त्याची दशा होते. यावर मॅनोज नावाची साखर तोंडाने देतात आणि फरक पडतो. १९९८ पासून हे माहीत आहे. कारण सोपं आहे: या मुलांमध्ये मॅनोज-६-फॉस्फेट शरीरात तयार करणारा कारागीर बिघडलेला असतो, बाहेरून मॅनोज दिलं की दुसऱ्या वाटेने तोच माल तयार होतो. पीएमएम२ मध्ये बिघाड त्याच्या पुढच्या पायरीवर आहे, मॅनोज-६ चं मॅनोज-१ करण्यात, म्हणून तिथे मॅनोज देऊन उपयोग होत नाही. आम्हीही ऑनलाइन मॅनोजची पावडर शोधली होती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन बाण काढून दाखवलं तेव्हा थांबलो.

पीजीएम१-सीडीजीमध्ये टाळू फाटलेली किंवा पडजीभ दुभागलेली, साखर उतरणं, स्नायू अशक्त, हृदय मोठं. यात गॅलॅक्टोजने सुधारणा होते. एसएलसी३९ए८ मध्ये मँगनीज देतात, सीएडी प्रकारात युरिडिन.

आणि एक प्रकार आपल्या मातीशी जोडलेला आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट नोंदवला, त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. त्या रक्तपेशींवर फ्यूकोज नावाची साखर बसून तयार होणारा एच घटक नसतो. बॉम्बे गटाची बहुतेक माणसं पूर्ण निरोगी असतात. त्यांना फक्त रक्त देताना त्याच गटाचं लागतं. पण एसएलसी३५सी१-सीडीजीमध्ये फ्यूकोजच पेशीच्या आतल्या कारखान्यात पोचत नाही, त्यामुळे रक्तगट बॉम्बे येतो आणि सोबत वारंवार जंतुसंसर्ग, पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या, वाढ खुंटलेली. यात काही मुलांना फ्यूकोज देऊन संसर्ग कमी झालेत. मूल सतत आजारी पडतंय आणि रक्तगट बॉम्बे आलाय, तर ही शंका बोलून दाखवा.

पीएमएम२ साठी मूळ आजारावर सर्वमान्य औषध अजून नाही. तोल सुधारण्यासाठी अ‍ॅसिटाझोलामाइडचा अभ्यास झाला आहे आणि काही मुलांना फायदा झाला. एपॅलरेस्टॅट या मधुमेहातल्या मज्जातंतूंच्या औषधाच्याही चाचण्या झाल्या. हे औषध आपल्याकडे दुकानात मिळतं, आणि म्हणूनच सांगते: स्वतःहून सुरू करू नका.

रोजचं आयुष्य, आणि नागपूरचा उन्हाळा

पीएमएम२ मध्ये पहिली काही वर्षं सगळ्यांत नाजूक. तान्ह्या वयात आजार तीव्र असेल तर मूल दगावूही शकतं, हे डॉक्टरांनी आम्हाला लपवून ठेवलं नाही आणि त्याचे मी आभार मानते. पण ते दिवस निघाले की आजार बराचसा स्थिरावतो. दरवर्षी मुलाची क्षमता थोडी थोडी कमी करत जाणाऱ्या आजारांपैकी हा नाही. भाची आता सात वर्षांची आहे, वॉकर धरून अंगणात चालते, बोलणं अस्पष्ट पण ओळख सगळ्यांची, आणि दारात कुणीही आलं की हसते. या मुलांचा स्वभाव माणसं जोडणारा असतो असं डॉक्टरही सांगतात.

गिळताना ठसका लागत असेल तर पातळ वरणापेक्षा दाटसर खिमट बरं. उष्मांक वाढवायला तूप, शेंगदाण्याचं कूट. कुणाकुणाला काही महिने नाकातल्या नळीने किंवा पोटातल्या नळीने भरवावं लागतं. त्यात हार नाही. फिजिओथेरपी, बोलण्याची थेरपी आणि चष्मा लवकर सुरू करा, निदानाची वाट न पाहता. लसी सगळ्या वेळेवर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पीएमएम२ च्या मुलांना ताप, संसर्ग किंवा डोक्याला बारीकसा मार लागल्यावर, त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत, पक्षाघातासारखा झटका येऊ शकतो. एक बाजू लुळी पडते, मूल सुस्त होतं, बोलणं थांबतं, कधी फिट येते. तो काही तासांपासून काही दिवस टिकतो आणि बहुतेक वेळा पूर्ण ओसरतो. पण खरा पक्षाघातही होऊ शकतो, कारण या मुलांचं रक्त विचित्र असतं: गुठळी होऊ न देणारी अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी ही प्रथिनं कमी म्हणून गुठळी होण्याचा धोका, आणि रक्त गोठवणारा घटक ११ कमी म्हणून रक्तस्रावाचाही. म्हणून घरी थांबून पाहायचं नाही, थेट दवाखाना.

शरीरातलं पाणी कमी झालं की हा धोका वाढतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी बाहेर पडलं की निरोगी माणसाचंही तोंड कोरडं पडतं. आमचा नियम असा: अकरा ते पाच भाची घरात, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू, दर अर्ध्या तासाला दोन-तीन घोट पाणी, ताक किंवा ओआरएस, आणि लघवी चार तासांत झाली नाही तर वहीत लाल शाईने नोंद. थेरपीची वेळ उन्हाळ्यात सकाळी साडेसातची मागून घेतली. जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि तोंडाने काही ठरत नसेल, तर सलाइनसाठी लगेच जातो, संध्याकाळची वाट पाहत नाही. तापाला पॅरासिटामॉल द्यायचं ते डॉक्टरांनी वजनावरून लिहून दिलेल्या मात्रेतच, कारण या मुलांच्या लिव्हरवर आधीच ताण असतो.

कुठलंही ऑपरेशन असो, दात काढणं असो, आधी रक्त गोठण्याच्या सगळ्या तपासण्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव. थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये एकूण टी४ कमी आला तर लगेच गोळी सुरू होऊ देऊ नका. ते संप्रेरक वाहणाऱ्या प्रथिनाचेच गोंडे कमी असतात, म्हणून आकडा खाली दिसतो. फ्री टी४ आणि टीएसएच मागा. वर्षातून एकदा डोळे, लिव्हर, रक्त गोठण्याचे घटक, थायरॉइड, लघवीतली प्रथिनं, पाठीचा कणा. आम्ही हे सगळं दिवाळीनंतरच्या आठवड्यात उरकतो, हवा थंड असते आणि बहिणीला शाळेला सुट्टी असते.

कुठे जायचं, कोणते कागद काढायचे

सुरुवात जवळच्या बालरोगतज्ज्ञांपासून, मग नागपूरची मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा मिहानमधलं एम्स. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात, २०२१ च्या, महाराष्ट्रातलं उत्कृष्टता केंद्र मुंबईचं केईएम. विदर्भ एक्स्प्रेसने संध्याकाळी निघून सकाळी दादरला उतरलं की परळ जवळ पडतं. हैदराबादलाही सीडीएफडी आणि निम्स या दोन संस्था मिळून असंच केंद्र आहे, आणि नागपूरकरांना ते मुंबईपेक्षा जवळ आहे. धोरणात बसणाऱ्या आजारांना ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. आजारांची यादी बदलत असते, म्हणून निदानाचा कागद घेऊन केंद्रातच नोंदणीचं विचारा.

मूल लहान असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या डीईआयसीमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या लवकर हस्तक्षेप केंद्रात, थेरपीसाठी नाव घाला. अंगणवाडीतूनही तिथली चिठ्ठी मिळते.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, काढा. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत सीडीजीचं नाव नाही, त्यामुळे फॉर्मवर आजाराचं नाव लिहून काम होत नाही. मुलाला जे अपंगत्व आहे ते लिहायचं: बौद्धिक, हालचालीचं, दृष्टीचं किंवा बहुविकलांगता. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा जास्त लागतात. आम्ही पहिल्यांदा नुसता जनुकाचा रिपोर्ट घेऊन गेलो आणि परत आलो. दुसऱ्यांदा बुद्ध्यंकाची चाचणी, फिजिओथेरपिस्टची टिपणी आणि डोळ्यांचा कागद जोडला, काम झालं. कार्ड आलं की नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्याचा अर्ज करा. बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम आणि बहुविकलांगता असलेल्यांना त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, थेरपीसकट.

पुढच्या बाळाचा प्रश्न

आमच्याकडे सगळ्यात जास्त बोललं गेलं ते यावर. कुणी म्हणालं ग्रहण पाळलं नाही, कुणी म्हणालं सुनेच्या माहेरचं. बहुतेक सीडीजीमध्ये आई आणि वडील दोघंही वाहक असतात, दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत येते. दोघंही स्वतः ठणठणीत असतात. मामेबहीण-आतेभाऊ असं नात्यातलं लग्न असेल तर शक्यता वाढते, पण माझ्या बहिणीचं आणि भावजींचं सात पिढ्यांत नातं नाही. काही थोडे प्रकार एक्स गुणसूत्रावरचे असतात, त्यांचं गणित वेगळं, ते जनुक सल्लागाराकडूनच समजून घ्यावं.

दोघं वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. पहिलं मूल आजारी झालं म्हणजे पुढची तिघं चांगली, असा हिशेब नसतो. प्रत्येक वेळी गणित नव्याने. पीएमएम२ मध्ये तर अनुभव चारात एकापेक्षा थोडा जास्तच, तीनात एकाच्या जवळ, असा आहे.

म्हणून पुढची पाळी चुकण्याआधीच दोन्ही बदल नक्की ठाऊक हवेत. मग ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १६ आठवड्यांच्या सुमारास गर्भजल घेऊन जनुक तपासता येतं. गर्भावर ट्रान्सफरिनची तपासणी भरवशाची नाही, त्यावर विसंबू नका. अशी तपासणी नोंदणीकृत केंद्रातच होते. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने लिंग विचारणं गुन्हा, आनुवंशिक आजार तपासणं नाही. काय करायचं हा निर्णय त्या दोघांचा. बहिणीने काय ठरवलं ते मी इथे लिहिणार नाही.

फ्रिजवरचा कागद

शेवटचं काम आजच रात्री करता येईल. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत ड्युटीवर असलेल्या डॉक्टरने सीडीजी हे नाव कदाचित पहिल्यांदाच ऐकलेलं असतं, आणि त्या वेळी तुमच्या तोंडून वाक्य निघत नाही. तुमच्या डॉक्टरांकडून एका पानावर, इंग्रजीत, त्यांच्या सही-शिक्क्याने लिहून घ्या. आमच्या पानावर क्रमाने हे आहे: आजाराचं नाव आणि जनुक. रक्तगट. चालू औषधं. ताप किंवा मारानंतर पक्षाघातासारखा झटका येऊ शकतो. आधी सलाइन, रक्तातली साखर तपासा, फिट चालू आहे का पाहा, ईईजी. खरा पक्षाघात आणि गुठळी नाकारा. अँटिथ्रॉम्बिन आणि गोठण्याच्या चाचण्या पाठवा. पॅरासिटामॉल जपून, मात्रा अमुक. डॉक्टरांचा नंबर.

एक प्रत फ्रिजवर, एक निळ्या फाइलच्या पहिल्या कप्प्यात, एक शाळेच्या बाईंकडे, आणि एक फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये. गेल्या वर्षी मेमध्ये रात्री ताप चढला आणि डावा हात लटका पडला, तेव्हा बहीण शेगावला होती. शेजारच्या काकूंनी फ्रिजवरचा कागद ओढून काढला, त्यावरचा चुंबक खाली पडून फुटला, आणि भावजी पोरीला घेऊन वीस मिनिटांत पोचले. चौथ्या दिवशी तिने त्याच हाताने पेला धरला.